हवा, मॅच आणि मालिका

रविवारी सकाळी समोरच्या घरातला फोन वाजला की मी गॅस बारीक करायची. शालूच्या आणि माझ्या दारात एक रांगोळी मावेल एवढंच अंतर. दुसरी घंटा पुरी व्हायच्या आत ती फोन उचलायची आणि तिचं बोलणं माझ्या ओट्यापाशी स्वच्छ ऐकू यायचं. चोरून ऐकत होते असं कुणी समजू नये, ती दार मुद्दाम उघडं ठेवायची. त्या रविवारी मात्र घंटा वाजतच राहिली. थांबली. पुन्हा वाजली. गणपती नुकतेच उठले होते, भाद्रपदाचं ते चिकट ऊन सकाळीच गॅलरीत येऊन बसलं होतं. मी तव्यावरची पोळी तशीच टाकली, खिळ्यावरची तिच्या घराची किल्ली घेतली आणि धावले. शालू कुशीवर निजली होती. पांघरूण नीट, चष्मा उशाशी. "अगं, ऊठ, मंदारचा फोन वाजतोय," असं म्हणत मी तिच्या खांद्याला हात लावला, आणि कळलं.

फोन पुन्हा वाजायला लागला. घरात मी एकटी. उचलणं भाग होतं. "काय गं आई, कुठे होतीस? हवा काय म्हणते पुण्याची?" मंदार, तिचा एकुलता एक मुलगा, शिकागोहून बोलत होता. माझ्या तोंडून फक्त, "मंदार, मी कुमुदमावशी…" एवढंच निघालं. आईचा रविवारचा फोन मावशीनं उचलला, याचा अर्थ त्याला वेगळा सांगावा लागला नाही.

आम्ही दोघी कोथरूडला राहायला आलो ते एकाच वर्षी. तेव्हा गच्चीवरून पार टेकडीपर्यंत दिसायचं आणि कोथरूड म्हटलं की रिक्षावाले तोंड फिरवायचे. मंदार दहावीत असतानाच शालूचा नवरा गेला. तिनं ऑफिसात कारकुनी करत पोराला इंजिनियर केलं आणि त्याबद्दल कधी चार माणसांत उसासा टाकला नाही. मग ती कॉम्प्युटरची लाट आली. आमच्या सोसायटीत प्रत्येक जिन्यातलं एकेक पोरगं उचलून अमेरिकेत नेल्यासारखं झालं. आईबाप एकमेकांना 'तुमचा कुठे?' असं विचारायला लागले, जशी काही भाजीच विचारतायत. मंदार आधी हिंजवडीला जायचा, मग कंपनीनं त्याला "सहा महिन्यांसाठी" म्हणून पाठवलं. त्या सहा महिन्यांना संपायचं कसं ते आजतागायत कळलेलं नाही.

पहिला फोन आला तेव्हा मी तिथेच होते. तेव्हा परदेशी फोन म्हणजे घड्याळाकडे बघत बोलायचं काम. शालूनं "बाळा" म्हटलं आणि रडायला लागली ती थांबेचना. पलीकडे तोही रडायला लागला. त्याचं फोनचं कार्ड संपलं, फोन बंद पडला, आणि दोघांचं मिळून एक वाक्यसुद्धा धड झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा पुन्हा फोन, "आई, मी नोकरी सोडून परत येतो." झालं! त्यानंतर शालूनं पदर खोचला. मला म्हणाली, "कुमुद, आजपासून फोनवर रडायचं नाही, दुखण्याखुपण्याचं बोलायचं नाही आणि 'कधी येणार' हे तर अजिबात विचारायचं नाही. आईचा फोन म्हणजे काही तक्रारपेटी नव्हे." मी म्हटलं, "मग बोलणार काय, कपाळ?" तर म्हणाली, "हवा. हवेबद्दल कितीही बोलता येतं. आणि रडायला तू आहेस की समोर."

तशी ती हवेबद्दल बोलायला लागली. पेपरात जगातल्या शहरांचं तापमान यायचं ते ती आधी वाचायची, मग मथळे. तिकडे बर्फ पडला की इथे आमच्या जिन्यात स्वेटरांचा विषय निघायचा. पण हवेवर आठवडे निघाले तरी वर्षं कशी निघणार? पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा मंदारच्या डोक्यावर बेसबॉलची निळी टोपी होती. जाताना ती इथेच राहिली. शालूनं ती खुंटीला लावली आणि तिला वाटलं, पोराला या खेळाचं वेड लागलंय. झालं, बाईनं बेसबॉल शिकायचा चंग बांधला!

केबलवर दुपारी त्या मॅचेसचे तुकडे दाखवायचे. जेवणं आटोपली की मला आवताण. मी आपली सुपारी कातरत बसायची आणि ती पुढे सरकून, चष्मा वर करून बघायची. सुरुवातीला दोघींनाही काही उमगेना. मारल्यावर तो दांडू टाकून का पळतो? हातात इतका मोठा पंजा घालून चेंडू धरला तर त्यात कौतुक कसलं? मी म्हटलं, "आपले गावसकर-बिवसकर काय वाईट होते?" तर म्हणाली, "गप गं. हे विटीदांडू आणि आट्यापाट्या एकत्र केल्यासारखं आहे, बघ. मारायचं आणि घर गाठायचं." हळूहळू तिला खरंच समजायला लागलं. कोण कधी चोरून पुढच्या घरी पळणार हे ती माझ्या आधी ओळखायची, आणि पळणारा घरी पोचला की टाळी वाजवायची. कुठल्याही संघाचा असो. "घरी पोचला ना, बास," म्हणायची.

मग रविवारी फोनवर, "काय रे, काल हरले ना तुझे लोक? त्या डावखुऱ्याला कशाला इतका वेळ ठेवला?" तिकडून तोही तावातावानं बोलायचा. मॅच झाली की मालिका. संध्याकाळी आम्ही दोघी एक मालिका बघायचो, त्यातल्या सुनेची स्मृती गेली होती आणि ती काही केल्या परत येत नव्हती. मला त्या मालिकेचं व्यसन होतं, कबूल. पण मंदार तिकडे बसून विचारायचा, "आई, त्या सुनेला नवरा ओळखू आला का गं?" आणि शालू आठवडाभराचं सगळं रसाळ करून सांगायची. हवा, मॅच, मालिका. बास. फोन ठेवल्यावर मात्र तिचा हात तसाच फोनवर राहायचा. थोडा वेळ. मग ती फोनलाच सांगितल्यासारखं हळू म्हणायची, "ये रे आता…" आणि उठून कुकर लावायची. मी गॅस मोठा करायची.

वर्षं अशीच गेली. कार्डाचे फोन गेले, इंटरनेटवरचे स्वस्त फोन आले, हवं तितकं बोलावं असे दिवस आले, तरी यांचे विषय तेच. मंदार घरी आला तरी तेच! समोरासमोर बसलेली मायलेकरं, मध्ये चकल्यांची ताटली, आणि बोलणं काय तर, "यंदा तिकडे उन्हाळा लांबला म्हणे." मला अगदी चीड यायची. त्याला विमानतळावर पोचवून आलो त्या दिवशी मी तिला फाडकन म्हटलं, "तोंड शिवलंय का तुझं? सांग ना पोराला, ये म्हणून. तुझे गुडघे बघ, जिना चढताना तीनदा थांबतेस." ती पंखा लावून बसली. मग म्हणाली, "सांगितलं तर तो येईल गं. तीच तर भीती आहे. येईल, आणि मग इथे बसून पेपरात तिकडची हवा वाचत बसेल. माझ्यासारखा." मी उठले आणि तिच्या गुडघ्यांना लावायला तेल गरम करत ठेवलं.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशीची, शनिवारची संध्याकाळ शेवटची. तिला घाम फार येत होता, पण त्या हवेत कुणाला येत नव्हता? आम्ही गॅलरीत बसलो होतो. खाली स्कूटरींचा कलकलाट, समोरच्या इमारतीत मांडव उतरवत होते. म्हणाली, "तिकडे आता उन्हाळा संपत आला. संध्याकाळी गार वारा सुटतो म्हणे. लोक गवतावर बसून मॅच बघतात. मंदार पण जात असेल, नाही?" मी म्हटलं, "जात असेल की." "कुणाबरोबर जातो, हे काही कधी विचारलं नाही मी…" असं म्हणाली आणि उठली, सकाळच्या फोनआधी काल काय झालं ते बघून ठेवायला.

मंदार आला. आम्ही त्याच्यासाठी थांबलो होतो. सगळं उरकल्यावर, दिवस झाल्यावर, तो एकटाच त्या घरात आवराआवर करत होता. मी चहा घेऊन गेले तर हा टीव्हीसमोरच्या तिच्या खुर्चीत, हातात ती निळी टोपी. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तुझी आवडती ना? जीवापाड जपली तिनं. रोज दुपारी तुझ्या मॅचेस बघायची." त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी चहा खाली ठेवला. म्हणाला, "मावशी, मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. ही टोपी कंपनीच्या सहलीत फुकट वाटली होती. इथून परत गेल्यावर एका रविवारी आईनं विचारलं, तुझे लोक जिंकले का. मला वाटलं, तिला नवीन काहीतरी आवडायला लागलंय. तेव्हापासून दर शनिवारी जेवण झालं की मी कॉम्प्युटरवर स्कोअर वाचायचो, कोण कसा खेळला ते पाठ करायचो, आणि मग तिला फोन लावायचो. मॅच मी आयुष्यात एकही बघितलेली नाही."

मला हसू आलं. खरंच आलं, काय करू! आणि हसताहसता मी त्या पोराला धरून रडले. दोघांनी मिळून एक अख्खा खेळ वर्षानुवर्षं चालवला, एकमेकांना बरं वाटावं म्हणून. आणि जे बोलायचं होतं ते एकदाही बोलले नाहीत. मला राग आला, शालूचा. अजूनही येतो. तिच्याशी भांडायला ती हवी होती, अगदी त्या क्षणी हवी होती. असं वाटलं, आतून येईल आणि म्हणेल, "गप गं, दर शनिवारी तरी पोरगं माझ्यामुळे घरी जेवलं ना?"

मंदार परत गेला. घर बंद आहे, किल्ली माझ्याच खिळ्यावर आहे. टोपी त्यानं नेली नाही, पुन्हा खुंटीला लावून ठेवली. दिवाळी झाली, हवेत थोडा गारठा आला. मालिकेतल्या सुनेला परवा सगळं आठवलं आणि ते सांगायला मी उठून शालूच्या दारापर्यंत गेले. कुलूप बघून परत आले. दुपारी मॅचेस लावून बघितल्या एकदोनदा. एकटीनं बघवत नाही.

आता रविवारी सकाळी फोन माझ्या घरात वाजतो. गेल्या रविवारी वाजला तेव्हा मी गॅस बारीक केला, मग माझंच मला हसू आलं आणि बंदच केला. "मावशी, हवा काय म्हणते?" मी सांगितलं, सकाळी शाल लागते. सुनेचं सांगितलं. तो म्हणाला, "आईला आवडलं असतं." मग म्हणाला, "मॅचेस तर संपल्या गं आता, थेट एप्रिलपर्यंत काही नाही." आणि थांबला. तिकडे त्याच्या घरात कुठलाच आवाज नव्हता. "बरं, ठेवतो मग," असं म्हणाला.

"ठेवू नकोस," मी म्हटलं. "तुझी आई फोन ठेवल्यावर दर वेळी एक वाक्य बोलायची. तू ऐकलं नाहीस, मी ऐकलंय. ते तुझंच आहे." आणि फोन चालू असताना, त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "ये रे आता."