पडलेल्या गोमियेची होडी

डोमिनिका बेटावरच्या आमच्या कालिनागो आदिवासी वस्तीत गोमिये झाडाच्या एका खोडातून होडी कोरणारे आता मोजकेच उरलेत. त्यात सगळ्यांत हट्टी मेरिक वाल्मंड. माझ्या दुकानात रम पीत तो चाळीस वर्षं एकच पाठ देत आला, "वाऱ्यानं पाडलेल्या झाडाची होडी करू नये. वारा लाकडात दडून राहतो आणि भर समुद्रात बाहेर पडतो." कोळ्यांनी ते अगदी गाठीशी बांधलं.

मग ते मोठं वादळ झालं. सकाळी डोंगराची पार हजामत झालेली. मेरिकच्या एकुलत्या एक मुलीची, डेल्माची, मासेमारीची होडी समुद्रानं नेली. ती म्हणाली, "बाबा, नवी होडी झाली नाही तर मी शेजारच्या ग्वाडेलूप बेटावर केळीच्या मळ्यात मजुरीला जाते." मेरिकचं तोंड एवढंसं झालं.

कड्यावर एकच जुनं गोमिये उभं उरलं होतं. मेरिक कुऱ्हाड घेऊन गेला आणि हात हलवत परत आला. त्याची बायको इयोनी माझ्या दुकानातच बसली होती.

"काय हो, झाडानं हाकललं वाटतं?"

"फळं धरलीत त्यानं. पोपट खातायत. खाली बोटभर रोपं आलीत." मेरिक बाकावर टेकला. "पूर्वी एक वादळ झालं की जंगलाला वाढायला सवड मिळायची. आता समुद्र तापलाय, वादळं जोरानं येतात, पाठोपाठ येतात. हेही मी पाडलं तर बी कुठून यायचं?"

"मग होडी कशाची? माझ्या परातीची?"

"पडलेल्या झाडाची."

दुकानात हशा पिकला. ह्यूबर्ट कोळी म्हणाला, "आणि लाकडातला वारा, काका?"

"तो माझ्याच डोक्यात होता. चाळीस वर्षं बरळलो!"

मेरिक चूक कबूल करतोय, हे बघून मी त्याचा पेला फुकट भरला.

कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकून ठोकून त्यानं एक निरोगी खोड निवडलं आणि जंगलातच कोरलं. पण ते दोरांनी खाली ओढायला अख्खी वस्ती लागते. येणार कोण? इयोनीनं डुकराच्या मटणाचं पातेलं चढवलं आणि मी जाहीर केलं की आज रम फक्त दोर ओढणाऱ्यांना. शकुन-अपशकुन सांगणारे सगळ्यांत पुढे! मग होडीत पाणी आणि दगड भरून, बाजूला जाळ करून तिचं पोट रुंद केलं. जरा डावीकडे कललीच ती.

पाण्यात लोटली त्या दिवशी मात्र डेल्माबरोबर कुणी बसेना. ती एकटीच गेली. मेरिक समुद्राकडे पाठ करून बसला, काही केल्या मान वळवेना. मीही पाच वेळा छातीवर क्रुसाची खूण केली, खोटं कशाला बोलू?

दुपारी समुद्राकडे बघता बघता ह्यूबर्ट हळूच त्याच्याजवळ सरकला. "काका, आडवी झाडं अजून बरीच आहेत ना? एक माझ्यासाठी ठोकून बघाल?"

मेरिकला काही कळेना. एवढ्यात पाण्यावरून डेल्माची हाक आली, "बाबा, टोपल्या आणा! आणि उद्यासाठी आमिष बघून ठेवा!"

मेरिकनं तोंड ओंजळीत लपवलं आणि ढसाढसा रडला. टोपल्या इयोनीनं नेल्या.