अप्पांनी घातलेला पाया

काल कितीतरी वर्षांनी जुना कॉम्प्युटर सुरू केला. तापलेल्या धुळीचा वास आला आणि मी धारवाडच्या क्वार्टर्समधल्या एका दुपारी जाऊन पोचले.

माइनक्राफ्ट तेव्हा नवीन होतं. ना गोष्ट, ना सूचना. नुसते दगडमातीचे ठोकळे आणि नजर जाईल तिथवर मोकळी जमीन. एवढ्यावर त्या खेळानं जग जिंकलं, याचं मला आजही नवल वाटतं.

मी गवतावर घर उभारलं आणि अप्पांना हाक मारली. त्यांची नोकरी सरकारी इमारती बांधून घेण्यात गेली. आम्ही मात्र कायम क्वार्टर्समध्ये. चष्मा वर सारून, गवंड्यावर ओरडावं तसे ते कन्नडमध्ये ओरडले, "पाया यल्लि ऐति?"

"अप्पा, इथं पाया लागत नाही. घर असंच उभं राहतं."

"पाड ते."

चिडत चिडत पाडलं. खणायला घेतलं तर म्हणाले, "थांब. आज अमावस्या. पाया उद्या."

दुसऱ्या दिवशी ते आंघोळ करून शेजारी बसले. चार ठोकळे खोल चर खणवला, दगड भरवले, ईशान्य कोपऱ्यात सोन्याचा एक ठोकळा ठेवायला लावला. यांना खेळ कळतच नाही, असं तेव्हा मला वाटलं.

काल माझ्या मुलीनं त्याच घराखाली खणलं.

"आई, इथं सोनं कुणी लपवलं गं?"

"ठेव परत जागेवर," मी म्हणाले. "आजोबांनी स्वतःचं म्हणून एवढं एकच घर बांधलं."