साडूभाऊंची चौकशी

आमच्या थोरल्या साडूभाऊंच्या मते आजवर या पृथ्वीतलावर एकही माणूस आपल्या मरणाने मेलेला नाही. प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या सवयीने मेला आहे, आणि ती सवय तिरडी उचलायच्या आत शोधून काढणं हे साडूभाऊंचं जन्माचं कर्तव्य आहे. मोहोपाड्याला एका केमिकल कंपनीत ते सेफ्टीमध्ये होते. तिथे कुणाच्या बोटाला खरचटलं तरी चौकशी बसायची, आणि चौकशीच्या शेवटी हातमोजे न घालण्याची, नाहीतर घाईघाईने जिना उतरण्याची त्या माणसाची सवय सापडायची. पुढे साडूभाऊ निवृत्त झाले, कर्जतला आमच्या शेजारच्या इमारतीत राहायला आले, पण चौकशी काही सुटली नाही. फक्त कंपनीच्या जागी कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके आले.

स्वतः ते इतके जपून जगतात की बघणाऱ्याला धाप लागावी. घरातला बल्ब बदलायचा तरी हेल्मेट घालून स्टुलावर चढतात. माथेरानला गेलो होतो तेव्हा माकडं फांद्या पाडतात म्हणून त्यांनी स्कूटरचं हेल्मेट घालून सगळे पॉइंट पाहिले. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची मोठी बहीण, दिवसभर त्यांच्यापासून अंतर राखून चालत होती. कुणी हसलं की तीही नवऱ्याला ओळखत नसल्यासारखी हसायची. साडूभाऊंचं लक्ष मात्र आमच्या घोडेवाल्यावर. तो दरीच्या बाजूने चालतो म्हणून त्यांनी त्याला भर रस्त्यात थांबवून सेफ्टीचं व्याख्यान दिलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमी आतल्या अंगानं चाला. दरीकडं कुनीतरी चालायला पायजेच ना? नायतर घोडा जाईल." साडूभाऊंनी मान हलवली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हा जाणार." तो अजून ठणठणीत आहे. माझी खोड म्हणजे रात्रीचं दही. मी चमचा उचलायचा अवकाश, साडूभाऊ गरजायचे, "खा, खा! माझ्या मेव्हणीचं कुंकू पुसायला निघालायत तुम्ही!"

साजगावला आमच्या ओळखीचे एक आजोबा वारले तेव्हा आम्ही दोघं मातीला गेलो. आजोबांनी नव्वदी ओलांडलेली. साडूभाऊंनी चपला काढल्या न काढल्या आणि आजोबांच्या नातवाला गाठलं. "बिडी ओढायचे?" नातू म्हणाला, "वडायचं की." "तरीच!" साडूभाऊ म्हणाले. नातू चाळिशीचा, कारखान्यात नोकरीला, रडून रडून डोळे सुजलेले. तो उसळून म्हणाला, "ओ साहेब, आजा पोरवयापासनं बिडी वडत व्हता. बिडीनं मारला म्हनता, मग इतकी वर्सं जगवला कुनी? त्यो बी बिडीनंच का?" आजूबाजूच्या मंडळींनी माना खाली घातल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. साडूभाऊ मात्र ढिम्म. "नसती ओढली तर शंभरी गाठली असती," असं बजावून ते तिरडीला खांदा द्यायला पुढे झाले.

परतीच्या वाटेवर मी त्यांना झाडलं. बिडीने काही होत नाही असं मी म्हणत नाही. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आहे, मला फुप्फुसं माहीत आहेत. बिडी ओढणाऱ्यांत लवकर मरणारे जास्त, हे अगदी मान्य. पण समोर पडलेला हा एक म्हातारा बिडीनेच गेला, हे तुम्हाला येऊन सांगितलं कुणी? आणि माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते त्या 'तरीच'ने. 'तरीच' म्हणणाऱ्याला आतून हायसं वाटत असतं. तो ओढायचा, मी ओढत नाही, म्हणजे माझा नंबर इतक्यात नाही! घरचे रडतायत आणि हे लोक स्वतःच्या आयुष्याची खात्री करून घेतायत. "साडूभाऊ, माणूस मेलाय हो, त्याच्यावर खटला नाही चाललाय!" मी ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, "कारण सापडलं नाही तर पुढचा अपघात टाळणार कसा?"

मग ताई गेली. तंबाखू नाही, मिश्री नाही, चहासुद्धा नाही. रोज सकाळी फिरायला जाणारी बाई फुप्फुसाच्या दुखण्याने काही महिन्यांत संपली. भेटायला येणाऱ्यांनी लगेच चौकशी सुरू केली. उदबत्त्या फार लावायच्या का? फोडणीचा धूर? एक बाई तर म्हणाल्या, "उपास फार करायच्या ना त्या? तरीच." मी ताडकन उठलो. बायकोने माझा हात धरला नसता तर त्या दिवशी मी काय बोललो असतो कोण जाणे. मला वाटलं, साडूभाऊ आता मान डोलावतील. ते नुसते आपल्या हातांकडे बघत बसले होते.

तेरावं झाल्यावर ते आमच्याकडे आले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "माझा कंपनीचा ड्रेस ती घरीच धुवायची गं. प्लांटमध्ये मी मास्क लावायचो, हातमोजे घालायचो. आणि संध्याकाळी तोच ड्रेस अंगावर घालून घरी यायचो. ती आधी तो झटकायची, मग भिजवायची. हातांनी." मग म्हणाले, "सगळ्यांच्या सवयी शोधल्या मी. ही माझी निघाली."

बायकोला हुंदका फुटला. "भाऊजी, असं नका हो म्हणू," एवढंच ती म्हणाली. मी मात्र भडकलो. त्यांच्यावर की आणखी कुणावर, मला अजून कळलेलं नाही. वर्षानुवर्षं त्यांच्याशी भांडून घासलेला माझा एकूण एक मुद्दा मी त्या दिवशी त्यांच्याच बाजूने लढवला. कंपनीच्या कॉलनीत घरोघरी बायका तसलेच कपडे धूत होत्या, त्या नाहीत का हिंडत-फिरत? एका माणसाचं मरण एका गोष्टीच्या गळ्यात बांधता येत नाही! डॉक्टरांना विचारायला त्यांना घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, "असेलही, नसेलही. सांगता येणार नाही." इतका खरा माणूस मी पाहिला नाही आणि इतका रागही मला कुणाचा आला नाही. परतताना साडूभाऊ म्हणाले, "कारण सापडलं की पुढचं टाळता येतं म्हणायचो ना मी? आता काय टाळू?"

आता ते मातीला जातात आणि मागे उभे राहतात. कुणी 'तरीच' म्हणालं की पाण्याची घागर भरायच्या निमित्ताने बाजूला होतात. परवा रात्री ते आमच्याकडे जेवायला होते. मी मुद्दाम त्यांच्या समोर वाटीभर दही घेतलं. बायकोने डोळे वटारले, तरी एक चमचा खाल्ला, दुसरा खाल्ला, चांगला भुरके मारून खाल्ला. ओरडा ना एकदा, माझ्यावर ओरडा! साडूभाऊंनी माझ्या वाटीकडे पाहिलं आणि साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला. मला इतका राग आला की मी चमच्यामागून चमचा साखर वाटीत ओतत राहिलो.