‘फसलो’चा शिक्का

अमेरिकेनं आजवर जेवढी युद्धं लढली, ती सगळी माझ्या बायकोच्या मामांनी ऐकलेली आहेत. पाहिली एकही नाही, वाचली थोडीफार, पण ऐकली मात्र झाडून सगळी. तीही नांदेडपासून एसटीनं दोन तासांवरच्या आमच्या गावात, पत्र्याच्या खोलीत, चावीच्या ग्रामोफोनवर. कोणत्या युद्धात तिकडच्या सरकारनं कोणत्या चालीवर लोकांना उठवलं, कोणतं गाणं लावून कर्जरोखे खपवले आणि कोणतं गाणं रेडिओवाल्यांनी गुपचूप कपाटात सारलं, हे मामांना सख्ख्या भाचीच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ आहे. भाचीच्या म्हणजे माझ्याच. त्या लग्नाला मामा एक दिवस उशिरा आले होते.

हा नाद त्यांना लागला तो वह्यापुस्तकांच्या कव्हरांपायी. त्यांच्या लहानपणी अमेरिकेचं एक गुळगुळीत, रंगीत मासिक गावातल्या वाचनालयात फुकट यायचं आणि त्याची पानं काढून पोरं पुस्तकांना कव्हरं घालायची. मामांच्या गणिताच्या पुस्तकावर म्हणे एक हसरा गहूवाला शेतकरी होता. वर्षभर तो हसत राहिला आणि मामा गणितात नापास झाले. पुढं कॉलेजात गेल्यावर कळलं की ते मासिक तिथलं सरकारच छापून जगभर वाटत होतं. दुसरा एखादा म्हणाला असता, बरं, फुकट कागद तर मिळाला. मामा भडकले. “माझ्या गनिताला अमेरिकेच्या सरकारनं कव्हर घालावं अन मला पत्ता नसावा?” त्या दिवसापासून ते त्या सरकारच्या मागं लागले आणि तिथल्या गाण्यांच्या प्रेमात पडले. दोन्ही एकदमच. हैदराबादच्या जुन्या बाजारातून भंगारवाल्यांकडून ते तवे आणायचे. तवे म्हणजे त्यांच्या भाषेत तबकड्या. तवे लाखेचे बनायचे; तिकडं युद्धाच्या काळात त्या लाखेची टंचाई झाली, तेव्हा जुना तवा परत केल्याशिवाय नवा मिळत नव्हता, हे सांगताना त्यांची छाती फुगायची. “कारन लाख जायची आपल्या झाडाची! गानं त्यांचं, लाख आपली. निम्मा हक्क आपला हाय.”

मामा इतिहासाचे मास्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांचे वडील जलशात गायचे. धर्मांतरानंतरच्या वर्षांत डफ घेऊन गावोगाव हिंडायचे. त्यामुळं गाण्यानं वाकलेला माणूस ताठ उभा राहतो, हे मामांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते त्यांनी अंगणात पाहिलं होतं. ते म्हणायचे, “माझ्या बापानं गान्यानं मान्सं उभी केली. पर उभं केलेल्या मान्साला कोन कुठं चालवत नेतंय, ते बी बघाया पायजे ना?”

पहिल्या महायुद्धात तिकडं सिनेमाची रिळं बदलायला जी चार मिनिटं लागत, तेवढ्यात सरकारतर्फे गावातलाच एखादा प्रतिष्ठित माणूस उठून युद्धाच्या बाजूनं भाषण करायचा. ही कल्पना मामांना इतकी आवडली की त्यांनी ती उलटी करून वापरायला घेतली. नायगावच्या स्टँडवर कंडक्टर नोंद करायला खाली उतरला की मामा एसटीत उठून उभे राहायचे आणि चार मिनिटं प्रचारापासून सावध राहण्याचा प्रचार करायचे. एकदा मुखेडच्या बाजाराला निघालेल्या एका म्हातारीनं सगळं शांतपणे ऐकून विचारलं, “समदं पटलं बाबा. निशानी कोन्ती तुमची?”

पण त्यांचं खरं राज्य शनिवारी दुपारी, आमच्या सार्वजनिक वाचनालयात. तिथं ते दर आठवड्याला एक तवा ऐकवायचे, दोनदा. पहिल्यांदा पायानं ऐकायचं, दुसऱ्यांदा डोक्यानं, असा नियम होता. पहिल्या खेपेला कुणी शहाण्यासारखं स्थिर बसलं तर त्याला उठवायचे. “पाय हलू द्या! ज्याचा पाय हलत न्हाई त्याला कधी कळायचंच न्हाई आपल्याला कुठं धरलंय ते.” मग अर्थ सांगायचे, मागची हकीकत सांगायचे: युद्धात उतरण्याआधी ज्या दुकानात आयांच्या काळजीची रडकी गाणी खपत होती, त्याच दुकानात नंतर कूच करायची गाणी कशी आली; शत्रूच्या भाषेतलं नाव म्हणून लोकांनी कोबीच्या लोणच्याचं नाव कसं बदललं; आणि त्याच देशात पुढं सरकारला तोंडावर नको म्हणणारे गाणारेही कसे निघाले. आणि पुन्हा सुई ठेवायचे. दुसऱ्या खेपेला खोलीत अशी शांतता व्हायची की भिंतीवरच्या पालीलाही विचार करावासा वाटावा.

मामा स्वतःला यातून वगळत नसत. त्यांनी नांदेडहून एक रबरी शिक्का करून आणला होता. शिक्केवाल्यानं ऑफिस कोणतं म्हणून विचारलं, तर म्हणाले, “माझंच.” शिक्क्यावर एकच शब्द: फसलो. जो तवा ऐकताना, सगळं माहीत असूनही, त्यांचा गळा दाटायचा, त्याच्या पाकिटावर ते शिक्का मारायचे. एका पाकिटावर असे अकरा शिक्के मी मोजले आहेत. सीमेवर तणाव होता त्या आठवड्यात मीही घरच्या ग्रुपवर विमानांचा एक व्हिडिओ टाकला होता, खाली अंगावर काटा आणणारं संगीत. तो व्हिडिओ दुसऱ्याच कुठल्या तरी देशातल्या कवायतीचा निघाला. मामांचं उत्तर आलं, एक फोटो: कोऱ्या कागदावर शिक्का.

आता जे सांगायचं आहे ते सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं होणार नाही आणि मलाही झोप लागणार नाही. मी त्या वाचनालयाचा सचिव आहे. वाचनालयाचे अध्यक्ष मी ज्या शाळेत शिकवतो तिचेही अध्यक्ष आहेत, आणि त्या वर्षी मुख्याध्यापकाची जागा रिकामी होणार होती. त्याच तणावाच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. रागावले नाहीत, उलट चहा दिला. म्हणाले, “सर, मास्तरचा तो शनवारचा कार्यक्रम जरा बंदच ठेवा आता. काय कारन ल्ह्यायचं ते तुम्हीच बघा.” मी म्हणालो, हो. विचार करायला वेळ मागितला नाही. घरी येऊन माझ्या चांगल्या अक्षरात नोटीस लिहिली: ‘ग्रामोफोन नादुरुस्त असल्यामुळे शनिवारचा श्रवण कार्यक्रम पुढील सूचनेपर्यंत बंद राहील.’ खाली सही केली.

यातली खरी लाजिरवाणी गोष्ट वेगळीच आहे. त्याच्या महिनाभर आधी मी मामांना घेऊन लातूरला कानाच्या डॉक्टरकडे गेलो होतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ऐकू येणं कमी होत जाईल, मशीन लावलं तरी गाणं गाण्यासारखं ऐकू येणार नाही. फार तर वर्ष. परतताना लातूरच्याच स्टँडवर मामा मला म्हणाले होते, “मामीला नका सांगू, जावई. शनवार किती उरले ते तुम्हाला अन मलाच म्हाईत असू द्या.” ते मला माहीत होतं आणि तरी मी ‘पुढील सूचनेपर्यंत’ असं लिहिलं.

शनिवारी मामा ग्रामोफोनची पेटी घेऊन आले. वाचनालयाला कुलूप नव्हतं, पण दारावर नोटीस होती. मी आत, खिडकीशी, रजिस्टर उघडून बसलो होतो. बाजाराचा दिवस, रस्ता माणसांनी भरलेला. मामांनी नोटीस वाचली, मग मोठ्यानं वाचली. “ग्रामोफोन नादुरुस्त! सचिवांनी लिव्हलंय म्हनजे खरंच असंल,” असं म्हणून त्यांनी पायरीवर बसकण मारली, पेटी मांडीवर घेतली, चावी भरली, सुई ठेवली. तुतारी, ढोल आणि चाळीस गळे असं एक कूच करायचं गाणं रस्त्यावर धावून आलं. वांगीवाली थांबली, सायकली थांबल्या, केळीच्या गाड्यावरचा माणूस तराजू हातात धरूनच आला.

“मास्तर, मशीन तर चालू हाय की!” कुणीतरी ओरडलं.

“मशीन चालूच हाय. नादुरुस्त काय झालंय ते हुडकून राहिलो.”

मी रजिस्टरात मान घातली.

कुणीतरी कळवलं असावं. अध्यक्ष स्वतः आले. कडक पांढरे कपडे, पांढरे बूट. “मास्तर, ही काय येळ हाय का असलं वाजवायची?”

“हीच येळ हाय, साहेब. एरवी हे कोन ऐकतंय?”

“देशाचा प्रश्न हाय. अन तुम्ही इदेशी गाने लावून राहिले.”

“लाख आपली हाय,” मामा म्हणाले. “अन देशाचा प्रश्न हाय म्हनूनच म्हन्तो, मानूस शुद्धीवर पायजे. माझं एवढंच म्हननं हाय, गानं ऐका, पर दोनदा ऐका.”

“बंद करा म्हन्लं ना!”

“न्हाई करत.” हे ते ओरडून म्हणाले नाहीत. वर्गात फळा पुसताना बोलावं तसं म्हणाले. “तुमची नोटीस दाराच्या आत चालती. पायरी रस्त्याची हाय. अन साहेब, राग मानू नका, पर तुमचा पाय बघा.”

सगळ्या बाजारानं पाहिलं. अध्यक्षांचा उजवा पांढरा बूट ढोलाच्या ठेक्यावर पडत होता, बरोबर, एकही मात्रा न चुकता. ते थबकले, पाय धरल्यासारखे उभे राहिले, आणि गाणं संपायच्या आत पुन्हा तो पाय सुटला. वांगीवाली पदर तोंडाला लावून हसली. मग सगळेच हसले. मामा हसले नाहीत. “त्यात काय वंगाळ न्हाई, साहेब. माझा बी हलतो. आता दुसऱ्यांदा ऐकू.” अध्यक्ष थांबले नाहीत. पण पायरीवर माणसं बसली.

मी बाहेर गेलो नाही. हे मी इथं स्पष्ट लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची नोटीस काढून मी मामांकडं गेलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, पण त्यांच्यापुढं बसल्यावर नुसता कागद पुढं केला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, उठून कपाटातून शिक्का आणला आणि माझ्या हातात दिला. पॅडची शाई सुकली होती. मी शिक्क्यावर तोंडानं वाफ सोडली आणि माझ्याच सहीवर टेकवला.

“जोरात मारा, जावई. पुसट उठला तर फिरून फसाल.”

मी जोरात मारला. मामींनी आतून विचारलं काय वाजलं म्हणून.

मुख्याध्यापक दुसरेच झाले. शनिवार पायरीवर चालू राहिले, आणि आता मी आत बसत नाही. पेटी धरून मामांच्या शेजारी बसतो. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. मामांना आता तबकडीतलं जवळजवळ काही ऐकू येत नाही. तरी ते चावी भरतात, अंदाजानं सुई ठेवतात आणि मग समोर बसलेल्यांच्या चपलांकडं, टाचांकडं, बोटांकडं एकटक बघत राहतात. पायांवरून त्यांना गाणं कुठवर आलं ते कळतं. परवा असंच, मी माझ्या विचारात होतो, तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“गोड गानं लागलंय वाटतं, जावई,” ते म्हणाले.

मी खाली पाहिलं. माझा पाय हलत होता. मी तो थांबवला नाही.