दादाच्या आवाजाची खोली

दादाने जन्मभर लोकांना गाडी शिकवली आणि जन्मभर त्यांच्या कानाशी आरडाओरडा केला. त्याच्या हाताखाली शिकलेली माणसं अजूनही क्लचवर पाय ठेवताना दचकतात. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि घर एकदम गप्प झालं. ती शांतता कुणालाच मानवली नाही. बरं झालं की धाकट्या बहिणीने, प्रोग्रामर ठमीने, आधीच त्याचा आवाज भरपूर रेकॉर्ड करून ठेवला होता. दादा कीबोर्डवर लिहायचा आणि ठमीचा प्रोग्राम त्याच्याच खणखणीत आवाजात बोलायचा.

आज नेमका तो प्रोग्राम मूग गिळून बसला होता. परगावी लेकीचं सिझेरियन होतं. "आत नेण्याआधी फोन करते, बाबा. मला तुमचा आवाज ऐकायचाय," असं तिने सकाळीच सांगून ठेवलं होतं.

ठमीने स्पीकर तपासला, वायरी हलवल्या, पुन्हा स्पीकरच तपासला. शेवटी दादाने पाटीवर लिहिलं, 'आधी पडद्यावरची ती लाल अक्षरं वाच!'

तिने वाचलं आणि कपाळावर हात मारला. "माझाच शहाणपणा! तुझा आवाज 'टाकाऊ' नावाच्या फोल्डरात होता, मला बघवेना. काल त्याला 'दादा' नाव दिलं. पण प्रोग्रामला लागणारं सगळं सामान त्याच फोल्डरातल्या एका वेगळ्या बंद खोलीत मांडलेलं असतं, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात तिला. आतलं सामान अजून जुन्याच पत्त्यावर एकमेकांना शोधतंय."

'मग जुनं नाव दे.'

"आता उपयोग नाही. मघाशी घाईघाईत आत हात घालून मी पुरता विचका करून ठेवलाय. खोलीच पाडते."

आणि तिने खरंच पाडली. एक बटण, सगळं साफ! दादा ताडकन उठला. पाटीवर खडू मोडला: 'माझा आवाज?'

"तो बाहेर सुखरूप आहे. जपायचा तो. खोली काय, हवी तेव्हा बांधता येते."

पडद्यावर ओळी झरझर धावू लागल्या. जगात कुठे कुठे ठेवलेलं सामान एकेक करून येत होतं आणि आपापल्या जागी बसत होतं. दादा आ वासून बघत राहिला. साधी सायकल शिकताना हिने त्याचा जीव खाल्ला होता, आणि आज ही पोरगी काहीच नसलेल्या जागी त्याच्या आवाजाला घर बांधत होती! त्याच्या अंगावर काटा आला.

फोन वाजला तेव्हा शेवटची ओळ धावत होती. "थांब गं, एवढ्यात बोलेल तो," ठमी म्हणाली.

दादाने कीबोर्ड पुढे ओढला. खोली भरून आवाज आला, "घाबरू नकोस."

पलीकडून लेक रडवेल्या सुरात म्हणाली, "असं नाही, बाबा. ओरडा ना, शिकवताना ओरडायचात तसं."

दादाने डोळे पुसले आणि टाइप केलं.

"आरसा बघ! क्लच हळू सोड! मी शेजारीच बसलोय!"

"सोडते, बाबा," लेक म्हणाली आणि फोन नर्सच्या हातात दिला.