सासूबाईंचा पहिला झिजलेला स्क्रू

माझ्या सासूबाई रिमोटवर चालणाऱ्या गाड्या बांधतात. हे ऐकून लोक हसतात आणि "म्हणजे खेळण्यातल्या?" असं विचारतात. हा प्रश्न त्यांच्यासमोर काढायची माझी आजही छाती नाही. हातभर लांबीची गाडी, चारही चाकांना वेगळ्या स्प्रिंगा, पोटात खरा गिअरबॉक्स, आणि धावते अशी की मोकाट कुत्रीसुद्धा पाठलाग अर्ध्यावर सोडून देतात. विकत आणताना ती गाडी नसतेच. खोक्यात नुसत्या पिशव्या असतात आणि पिशव्यांमध्ये मुंगीएवढे स्क्रू.

स्क्रूंशी माझं पहिल्यापासून वाकडं आहे. मी पंख्याला हात लावला की पंखा डुगडुगतो, कपाटाला लावला की दार लोंबतं. मी स्क्रूड्रायव्हर शोधायला लागलो की बायको आधी सुताराला फोन करते. तेव्हा सासूबाईंच्या हातांबद्दल पुढे जे येईल ते एका अडाण्याने सांगितलंय असं समजा. पण पाहिलं ते मी माझ्या डोळ्यांनी.

त्यांची सगळी नोकरी इस्पितळाच्या प्लास्टरच्या खोलीत गेली. एक उंच टेबल, एक बेसिन, आणि कितीही पुसला तरी फरशीवरून न जाणारा पांढरा थर. हाड जुळलं की प्लास्टर कापून काढायचं काम त्यांचं. वर कडक प्लास्टर, त्याखाली कापूस, त्याखाली कुणाच्या तरी पोराचा हात, आणि वरून सासूबाईंची विजेची करवत. पोरं गळा काढायची, आया तोंड फिरवायच्या. सासूबाई मात्र पात्याकडे फारसं बघायच्याच नाहीत. मान जराशी तिरकी करून ऐकायच्या. प्लास्टर संपून कापूस लागला की करवतीचा सूर बदलतो म्हणे. ही शुद्ध थाप आहे असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

निवृत्तीचे कागद आणायला त्या इस्पितळात गेल्या तेव्हाची गोष्ट. मागच्या मोकळ्या पार्किंगमध्ये चांगली मिशा फुटलेली माणसं गाड्या पळवत होती. एक गाडी भरकटली आणि सासूबाईंच्या चपलेवर येऊन आदळली. मालक धापा टाकत आला. सासूबाईंनी गाडी उचलून उलटी केली, लोंबणारं चाक हलवून पाहिलं आणि म्हणाल्या, "हाड मोडलंय हिचं. पण बसेल." त्या दिवसापासून त्या या गाडीवाल्यांच्या क्लबात जायला लागल्या आणि तिथे त्यांचं नाव हाडवैद्य पडलं.

या छंदातलं खरं दुखणं म्हणजे झिजलेला स्क्रू. स्क्रूच्या डोक्यात सहा कोनांची बारीक खाच असते. किल्ली तिच्यात पूर्ण उतरली नाही, किंवा केसभर लहान मापाची घेतली, की कोन घासून खाच गोल होते. मग किल्ली नुसती गरगरते, स्क्रू जागचा हलत नाही आणि गाडी उघडण्याचा मार्गच बंद होतो. क्लबातले बाप्ये ताकद लावण्यात पटाईत, त्यामुळे हाडवैद्यबाईंच्या दाराशी कुणी ना कुणी गाडी काखेत मारून उभा असायचाच. त्या स्क्रू काढून द्यायच्या, मालकाच्या तळहातावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "याला मारलंत कशाला?" त्यांच्या स्वतःच्या हातून मात्र एकही स्क्रू कधी झिजला नव्हता. फुशारकी मारणं त्यांच्या स्वभावात नाही, पण एवढी एक गोष्ट त्या चारचौघांत सांगायच्या.

एका रविवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. "जावईबापू, जरा इकडे या. आणि दार लोटून घ्या."

टेबलावर त्यांची स्वतःची गाडी उलटी पडली होती. आतल्या गिअरचा दात तुटला होता. तो बदलायचा तर गिअरबॉक्स काढायला हवा, आणि गिअरबॉक्स धरून ठेवणाऱ्या स्क्रूचं डोकं गुळगुळीत गोल झालेलं. मला वाटलं, क्लबातल्या कुणा पहिलवानाचं काम असणार.

"कुणी केलं हे?"

"मी," त्या म्हणाल्या. "किल्ली बसली असं वाटलं. बसली नव्हती."

त्यांच्या बोटांची टोकं बधिर होत चाललीत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गेलेली जाणीव परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हापासून माझी बायको, म्हणजे त्यांची लेक, हात धुऊन त्यांच्या मागे लागली होती की आई, पुरे कर आता, एखाद्या दिवशी बोट कापून घेशील. त्या कानाडोळा करायच्या. आज मात्र त्यांचा चेहरा उतरला होता.

"तिला काही बोलू नका," त्या म्हणाल्या. "हा स्क्रू माझ्या हातानं निघाला आणि नवा माझ्या हातानं बसला, तर ठीक. नाहीतर संध्याकाळी सगळं सामान देऊन टाकते. अर्ध्या हातानं मला काम करायचं नाही."

धीर देण्यात मी किती तरबेज आहे ते माझ्या बायकोला विचारा. मी म्हटलं, "आई, वर रबरबँड ठेवून किल्ली दाबली तर निघतो म्हणे."

"करून झालं. रबराचा चुरा झाला. बसा आणि गाडी घट्ट धरा."

मी जीव मुठीत धरून गाडी धरली. हादऱ्यांनी सुटू नये म्हणून स्क्रूच्या टोकाला खाली निळा गोंद लावलेला असतो, तो उष्णतेने मऊ पडतो. त्यांनी सोल्डरिंग आयर्न तापवून स्क्रूच्या डोक्यावर टेकवलं आणि आजूबाजूचं प्लास्टिक वितळायच्या आत उचललं. मग दोघांनी चष्मे चढवले आणि त्यांनी हातातलं छोटं ग्राइंडर सुरू केलं. चकती कागदासारखी पातळ. तिने स्क्रूच्या डोक्यात सरळ चीर पाडायची होती, आणि डोक्याखाली लगेच ते प्लास्टिक, ज्याचा सुटा भाग आता कुठेच मिळत नव्हता.

चकती टेकली, ठिणग्या उडाल्या. सासूबाईंनी मान तिरकी केली. एकसारखा चिरका आवाज चालू होता, आणि मग तो किंचित भरडा झाला. तो बदलला हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत चकती वर आलीसुद्धा होती. मी वाकून पाहिलं. स्टीलमध्ये आरपार चीर, आणि खालच्या प्लास्टिकवर साधा ओरखडा नाही. इतकी वर्षं मी ज्याला थाप म्हणत होतो ते माझ्या नाकासमोर घडलं होतं, आणि ते घडवणारी बाई चष्म्यावरची धूळ पदराने पुसत होती.

चिरेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून त्यांनी खांद्याचा सगळा भार दिला. कट् असा आवाज झाला आणि स्क्रू फिरला. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. अजून कोमट होता. "याला मी मारलं," त्या म्हणाल्या, पण आता हसत होत्या. मीही हसलो. मला वाटलं, जिंकलो.

नवा गिअर बसला. त्यावर गिअरबॉक्सचं झाकण ठेवलं, आता नवे स्क्रू लावायचे. झाकणाचा स्क्रू नुसत्या प्लास्टिकमध्ये जातो, आणि तो कुठे थांबवायचा याची खूण नसते. आवाजही येत नाही. कमी पिळला तर हादऱ्याने गळून पडतो, जास्त पिळला तर प्लास्टिकमधले आटे जातात आणि झाकण कायमचं निकामी. त्यांनी किल्ली फिरवली, थांबल्या, पुन्हा थोडी फिरवली.

"बसला का हो?"

त्यांनी मला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी पाहिलं, डोकं अजून जरा वर होतं. मी तसं म्हणालो. त्यांनी बोटं किल्लीवर ठेवली, पण फिरवली नाहीत.

"मला कळत नाहीये," त्या म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"आई, मी? मी लावलेलं कपाटाचं दार तुम्ही पाहिलंय ना?"

"दोन बोटांनी. हळू."

त्यांनी माझं मनगट धरलं. मी फिरवत गेलो. काय लागतंय, त्यांनी विचारलं. काही नाही, मी म्हटलं. फिरवा, म्हणाल्या. मी आणखी फिरवलं, आणि एका जागी आतून काहीतरी टेकलं. दार लावताना ते शेवटी चौकटीला अलगद लागतं, तेवढंच. कुणी सांगितलं नव्हतं तरी माझी बोटं थांबली.

"का थांबलात?"

"जड झालं जरा. आणखी फिरवलं तर बिघडेल असं वाटलं."

त्या माझ्या बोटांकडे बघत राहिल्या.

"तेच ते," त्या म्हणाल्या. "तेच मला आता लागत नाही."

त्यांच्या बोटांत इतकी वर्षं काय होतं ते मला तेव्हा कळलं, आणि ते आता उरलं नाही हेही त्याच घटकेला कळलं. क्लबातल्या सगळ्यांनी मिळून जन्मभर स्क्रू पिळले तरी जे हाती लागणार नाही, ते ही बाई रोज सकाळी चहाचा कप बाजूला सारून सहज करत होती.

"मग संध्याकाळी क्लबात…" मी कसंबसं विचारलं.

"बोलले ते बोलले. सामान देणारच आहे," त्या म्हणाल्या. "पण क्लबातल्या त्या बैलांना कशाला देऊ?"

त्यांनी किल्ल्यांचा डबा टेबलावरून माझ्या बाजूला सरकवला, झाकणाचा दुसरा स्क्रू माझ्यासमोर ठेवला आणि पुन्हा माझं मनगट धरलं.