आठ घरांचा एक पत्ता

आमच्या इमारतीत आठ बिऱ्हाडं होती आणि ई-मेलचा पत्ता एक. तो माझा होता, पण तसं फक्त मीच समजत होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्याहून लग्न होऊन मला बेंगळुरात बरीच वर्षं झाली होती. बनशंकरीत, देवळाच्या मागच्या रस्त्याला आम्ही भाड्यानं राहायचो. मी घरीच डीटीपीची कामं घ्यायची: लग्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट. त्यामुळे पुढच्या खोलीत कॉम्प्युटर होता, करकरत कागद ओढणारा प्रिंटर होता, आणि धाकटी बहीण लग्न होऊन अमेरिकेला गेल्यावर मी फोनच्या तारेला मॉडेमही जोडून घेतला होता. एका फुकटच्या सेवेवर पत्ता काढला, तो माझ्या व्हिजिटिंग कार्डावर छापला आणि इमारतीत घरटी एक कार्ड वाटलं. कामं मिळावीत म्हणून. कामं मिळाली नाहीत, सगळ्यांचं टपाल मात्र मिळायला लागलं.

यात लोकांचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. आम्हाला सवयच तशी होती. आमच्याकडे फोन येण्याआधी तळमजल्यावरच्या घरमालकीणबाईंचा नंबर पुढे 'पी. पी.' लिहून आम्ही भाडेकरू जगभर वाटत होतो. सासर-माहेर, ऑफिस, गॅसवाला, सगळे त्यांच्याकडे फोन करायचे आणि त्या जिन्यात उभ्या राहून हाक मारायच्या. बाई मराठीच, पण त्यांचं घराणं इथं कितीतरी पिढ्यांपासूनचं. "आमचे लोक घोड्यावरून आले, तुम्ही आत्ता आत्ता बसनं," असं मला हसून ऐकवायच्या. सगळी इमारत त्यांना अक्का म्हणायची. इतकी वर्षं हाका मारून त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. मग कुणी फॉर्मवर माझा ई-मेल लिहिला तर मी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?

सुरुवातीला मजाही वाटली. अक्कांच्या लेकीचं दुबईहून पत्र आलं की मी ते छापून खाली न्यायची आणि कॉफी पीत वाचून दाखवायची. समोरच्या घरी मुलीसाठी स्थळं बघत होते, त्यांच्याकडे मुलांची माहिती यायला लागली, फोटोसकट. तिसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले काका एकटे राहायचे. ते कुठल्याही प्रदर्शनात गेले की लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर माझा पत्ता लिहून यायचे. शेअर बाजाराची बातमीपत्रं, आरोग्याचा रोजचा सल्ला, फुकट म्हणून जे जे मिळेल ते त्यांनी लावून घेतलं होतं. आणि गच्चीवरच्या खोलीत नागपूरचा एक इंजिनियर होता, मारतहळ्ळीकडे कुठल्याशा कंपनीत नोकरीला. तो दिवसाला दहा विनोद माझ्याकडे ढकलायचा. शिवाय गणपतीचं चित्र, अकरा जणांना पाठवा नाहीतर वाईट होईल, अशी धमकी जोडलेलं. देव आपल्याच भक्तांना असं धमकावत असेल हे मला अजूनही पटलेलं नाही. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ते हेच.

आणि त्या पत्त्याच्या पेटीत जागा होती किती? सगळी मिळून दोन एमबी. आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं.

त्याच सुमारास बहिणीला दिवस गेले. काहीतरी गुंतागुंत होती. डॉक्टरांनी तिला बाळंत होईपर्यंत पडून राहायला सांगितलं. गाव लहान, बाहेर बर्फ, नवरा सकाळी जाऊन संध्याकाळी उगवणार. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. तिची वेणी घालण्यापासून तिला लग्नात निरोप देण्यापर्यंत सगळं मी केलेलं. आता ती अंथरुणात मांडीवर लॅपटॉप घेऊन मला लिहायची, इंग्रजी अक्षरांत मराठी, सकाळ-संध्याकाळ. बाळ आज हललं. आज डिंकाच्या लाडवांची आठवण आली. पाठ अशी दुखते ती बरोबर का गं? मी हातातली पत्रिका टाकून आधी तिला उत्तर द्यायची.

मग दोन-तीन दिवस तिचं काही आलंच नाही. मला वाटलं, झोपत असेल, चांगलंच आहे.

एका सकाळी जिन्यातून अक्कांची हाक आली. "अगं ए पुण्याचे, बेगने, लवकर खाली ये! अमेरिकेचं फोन आलंय, माझ्याकडे आलंय!"

मी धावतच गेले. तिकडून बहिणीचा आवाज, बारीक आणि रागावलेला.

"ताई, तासभर झाला तुझा फोन एंगेज येतोय. मेल करते तर परत येते. तुझी पेटी भरलीय म्हणे."

फोन एंगेज होता कारण मी नागपूरकरानं पाठवलेला नाचणारा बेडूक उतरवून घेत होते.

"काल मला हॉस्पिटलात न्यावं लागलं," ती म्हणाली. "आता बरी आहे. बाळही ठीक आहे. पण त्याआधी मी तुला विचारत होते, की हे दुखणं साधं आहे की काही वेगळं. सारखं विचारत होते, आणि सगळी पत्रं परत. तुझ्याकडे सगळ्या जगाला जागा आहे, ताई. फक्त मलाच नाही होय?"

मी नुसतीच "अगं, अगं" करत राहिले. फोन ठेवला आणि अक्कांच्या स्टुलावर बसून मोठ्यानं रडले. माझ्या घराच्या दारात माझीच बहीण ताटकळत उभी, आणि आत कोण तर बेडूक.

रडून झाल्यावर मला राग आला. माझा राग इमारतीला माहीत होता. त्या संध्याकाळी गच्चीवर मी सगळ्यांना गोळा केलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. मला काय पोस्टमन ठेवलंय का, आजपासून एकाचंही टपाल घेणार नाही, वगैरे बरंच काही. नवरा हळूच म्हणाला, "नवीन पत्ता काढ आणि तो फक्त तिला दे. मिटलं."

"का म्हणून?" मी त्याच्यावर उखडले. "घरात भाडेकरू घुसले म्हणून मालकिणीनं बाहेर पडायचं?" हे बोलताना समोर खरी मालकीण उभी आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही.

अक्का आपल्या फोनची आठवण करून देतील असं मला वाटलं होतं. त्यांना तो हक्क होता. पण त्या म्हणाल्या, "सरी, सरी, बरं. ओरडू नको. माझ्या लेकीचं पत्र पण काढून टाक. पोटातल्या बाळापुढे काय मोठं आहे? पण एक सांग, पत्र नाही आलं तर तू खाली कधी येणार?"

माझा आवाज तिथंच उतरला. मी म्हटलं, "पत्राशिवायही येईन की."

दुसऱ्या दिवसापासून साफसफाई सुरू झाली. नागपूरकराला सगळ्यांत जास्त वाईट वाटलं होतं. "ताई, मी तं तुम्हाला हसवायले पाठवत होतो," असं तो बिचारा पुन्हा पुन्हा म्हणत होता. शनिवारी त्यानं आख्खी इमारत बस स्टँडजवळच्या सायबर कॅफेत नेली आणि ज्याला त्याला स्वतःचा पत्ता काढून दिला. अक्कांचाही काढला. त्यांनी पासवर्ड काय ठेवला हे दोन दिवसांत साऱ्या गल्लीला कळलं. स्थळांची माहिती समोरच्या घरी वळती झाली, दुबई अक्कांच्या नावावर गेली, आणि अकरा जणांवाला गणपती माझ्यापर्यंत येऊन थांबायला लागला. मी तो पुढे पाठवला नाही. माझं काही वाईट झालं नाही.

काकांचं प्रकरण तेवढं अवघड होतं. त्यांची बातमीपत्रं बंद करायची तर एकेक उघडून, अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेल्या जागी जाऊन, नाव काढा म्हणून सांगावं लागायचं. काही शहाणे असे की नाव काढा म्हटलं की दुप्पट पाठवायचे. मी काकांना शेजारी खुर्चीवर बसवलं आणि एक एक बंद करायला लागले. शेअर बाजार गेला. आरोग्य गेलं. मधमाशीपालन गेलं. मग काका म्हणाले, "हे एक राहू द्या की."

"काका, तुम्ही ते कधी वाचता तरी का?"

"नाही."

"मग?"

"बँकेत असताना रोज टेबलावर डाक असायची. निवृत्त झालो आणि ती एकदम थांबली. तुमच्याकडे येऊन 'माझं काही आलंय का' विचारलं की तुम्ही 'हो' म्हणायचात. बरं वाटायचं."

मला इतकं वाईट वाटलं की मी उलट चिडलेच. माझं असंच आहे. "मग खरीखुरी पत्रं लिहा ना कुणाला!" मी म्हटलं. "माझी बहीण पडून आहे तिकडे, दिवसभर भिंतीकडे बघत. तिला लिहा!" आणि रागारागानं एका चिठ्ठीवर तिचा पत्ता लिहून त्यांच्या हातात दिला. मला वाटलं, विसरतील.

ते विसरले नाहीत. पुढच्याच आठवड्यात बहिणीचं पत्र आलं. "ताई, तुमच्याकडचे ते काका कोण? त्यांनी मला 'रिस्पेक्टेड मॅडम' म्हणून सुरुवात केलीय आणि खाली 'आपल्या त्वरित उत्तराच्या अपेक्षेत' लिहिलंय. मी हसून हसून मेले, मग घरी तपासायला येते त्या नर्सनं हसू नका म्हणून सांगितलं." तिनं त्वरित उत्तर दिलं. मग काका रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून सायबर कॅफेत जायला लागले. बाजारात मटार आले, अक्कांच्या दारातला चाफा फुलला, पाणी दोन दिवस आलं नाही, हे सगळं ऑफिसच्या भाषेत तिकडे जायला लागलं. नागपूरकरानं बेडूक आता तिला पाठवला. समोरच्या मुलीनं, जिचं लग्न ठरत नव्हतं, तिनं काय लिहिलं ते मला कधीच कळलं नाही. पण बहिणीनं तिला लांबच लांब उत्तरं लिहिली एवढं कळलं.

माझी पेटी आता स्वच्छ झाली होती. सकाळी उघडावी तर एखादं कामाचं पत्र आणि एक बहिणीचं. सारवलेल्या अंगणासारखं दिसायचं ते. पण बहिणीचं पत्र आखूड होत चाललं होतं. पूर्वी पानभर यायचं, आता चार ओळी. "बाकी काकांना लिहिलंय, त्यांच्याकडून ऐक." मी वरवर हसायची. खरं सांगायचं तर मला हेवा वाटायचा. ज्या जागेसाठी एवढं भांडले ती जागा आता रिकामी, आणि ती आपली दुसऱ्यांशी गप्पा मारतेय. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तुला नक्की काय हवंय?" मी त्याला चहा दिला नाही.

दिवस भरत आले तसं मी दर तासाला मॉडेम लावायला लागले. आलेलं वाचायचं, लगेच पुसायचं. कामाचीसुद्धा पत्रं मी कागदावर काढून पेटीतून उडवत होते. फोटो आला तर त्याला जागा हवी होती. घराबाहेर पडायची नाही. बातमी आली की ती पहिली माझ्या हातात पडली पाहिजे, असं मी मनाशी घट्ट धरलं होतं. तो माझा हक्क होता.

आणि नेमकं त्या दिवशी के. आर. पुरमला पत्रिकांचे गठ्ठे पोचवायचे होते. नवरीमुलीचे वडील आजारी, दुसरं कुणी घेऊन जाणारं नाही. दोन बस बदलून गेले, तिथं त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, परतीची बस रखडली. संध्याकाळी आमच्या रस्त्याला वळले तर फाटकात सगळी इमारत उभी. अक्का, काका, नागपूरकर, समोरच्या घरची तिघं. माझा नवरासुद्धा, कारखान्यातून आलेला तसाच. मला बघताच सगळे एकदम बोलायला लागले, त्यामुळे मला एक अक्षर कळलं नाही.

"थांबा हो स्वल्प!" अक्का ओरडल्या. "मुलगी झाली! दोघी बऱ्या आहेत!"

काकांना सकाळीच सायबर कॅफेत कळलं होतं. ते तिथून पळत आले होते, असं नागपूरकर म्हणाला. काका म्हणाले, पळालो नाही, भरभर चाललो. दुपारपर्यंत आठही घरांना ठाऊक झालं होतं. सगळ्यांत शेवटी मला कळलं.

वर जाऊन पिशवीसुद्धा खाली न ठेवता मी मॉडेम लावला. पेटीत तिचं एकच पत्र. ते पाठवलं होतं आठही पत्त्यांना, ओळीनं, त्यांत माझा एक. खाली मराठी चार वाक्यं. मुलगी. सहा पौंड. रात्रभर कळा आल्या, नवरा बर्फात अडकून उशिरा पोचला. आणि मग: "ताई, तू घाबरशील म्हणून आधीच सांगते. मी नर्सला सगळ्यांची पत्रं मोठ्यानं वाचून दाखवत होते. मी एकटी नव्हते."

आई गेल्यापासून मी एकच धरून चालले होते, की या पोरीला माझ्याशिवाय कुणी नाही. तेच माझं ओझं होतं आणि तोच माझा तोरा. त्या संध्याकाळी दोन्ही उतरले. दारात माणसं दाटीवाटीनं उभी होती. मी त्यांना आत बोलावलं आणि ते पत्र, प्रत्येकाला पाठ झालेलं, पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला घेतलं.